सॉलिड स्टेट रिले आणि विहिरीवरील मोटार

अल्प प्रवाहाच्या संकेतावर मोठ्या प्रवाहाचे मंडल चालू-बंद करणाऱ्या अर्धवाहक साधनास ‘सॉलिड स्टेट रिले’ म्हणतात. जुन्या विद्युतचुंबकीय रिलेतील कॉइल, हलणारी पट्टी व संपर्कबिंदू यात नसतात. नियंत्रक मंडलाकडून (बहुधा ३ ते ३२ व्होल्ट डीसी) संकेत मिळताच आतील एलईडी प्रकाशतो. तो प्रकाश प्रकाशसंवेदी घटकावर पडून ट्रायॅक किंवा थायरिस्टरची जोडी वाहती होते. दोन्ही बाजूंना जोडणारा दुवा केवळ प्रकाशाचा असतो.

या रचनेत ठिणगी पडत नाही आणि संपर्कबिंदू जळत नाहीत. ‘झिरो क्रॉसिंग’ प्रकारात व्होल्टेज शून्याजवळ असतानाच प्रवाह सुरू होतो. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात असा क्षण सेकंदाला १०० वेळा येतो. हीटर, भट्टी अशा वारंवार चालू-बंद होणाऱ्या उपकरणांसाठी हा रिले म्हणूनच सोयीचा ठरतो.

बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात विहिरीवरील मोटारीसाठी तो वापरताना मात्र गणित बदलते. ५ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटार सुमारे ७ अँपिअर प्रवाह घेते. सुरू होताना तो सहापट किंवा अधिक होतो. चालू रिलेत दर फेजला १ ते १.५ व्होल्ट खर्ची पडतात. तीन फेज मिळून २० ते ३० वॅट उष्णता निर्माण होते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला असता पत्र्याच्या पेटीतील रिले पुरेशा हीटसिंकअभावी टिकत नाही.

याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. बंद अवस्थेतही या रिलेतून काही मिलिअँपिअर प्रवाह झिरपू शकतो. शिवाय तो बिघडतो तेव्हा बहुतेकदा ‘शॉर्ट’ होतो, म्हणजे संकेत नसतानाही मंडल चालूच राहते. दिवा विझला म्हणून तारा निर्जीव झाल्या, असे समजून विहिरीत उतरणे प्राणघातक ठरू शकते.

यासाठी मोटारीचा प्रवाह कॉन्टॅक्टरनेच तोडावा व सॉलिड स्टेट रिलेकडे केवळ त्याच्या कॉइलचे नियंत्रण द्यावे, ही रचना श्रेयस्कर होय. झिरपणाऱ्या प्रवाहाने कॉइल धरून राहत नाही ना, याचीही खात्री करून घ्यावी. दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच पाडून फ्यूज काढणे अनिवार्य आहे; रिले हा त्याला पर्याय नव्हे.