जाव्याचं बेणं, नीरेचं पाणी

सोलापूर जिल्ह्यातल्या श्रीपूरच्या माळावर साखर कारखान्याची चिमणी उभी राहिली ती काढणाऱ्यांच्या हिमतीवर, यात वाद नाही. पण त्या हिमतीला वाव मिळाला तो जर्मन, डच आणि इंग्रज यांच्या साखरेवरच्या भांडणामुळे. माझी सगळी नोकरी नीरा खोऱ्यात, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. रसाचा ब्रिक्स आणि पोल, म्हणजे त्यातल्या विरघळलेल्या घटकांचं आणि साखरेचं माप, काढता काढता हा इतिहास तुकड्यातुकड्यांनी कळत गेला. शाळेच्या पुस्तकात तो कधी भेटला नव्हता.

भांडण जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी आपल्या बीटच्या साखरेला निर्यातीसाठी अनुदान देत. ती इतकी स्वस्त पडे की मॉरिशसची साखर, म्हणजे आपल्या आज्यांची ‘मोरस’, मागे पडू लागली. मॉरिशस इंग्रजांचं. कर्झनच्या सरकारने १८९९ साली बीटच्या साखरेवर जादा जकात बसवली. इथल्या गुऱ्हाळवाल्यापेक्षा तिथल्या मळेवाल्याची काळजी त्यात मोठी होती. बीट हटलं आणि जागा घेतली जाव्याने. जावा डचांचा. १९०५च्या स्वदेशी चळवळीत परदेशी साखर बहिष्काराच्या यादीत होती, तरी १९२९-३० साली नऊ लाख टनांहून अधिक साखर बाहेरून येत होती आणि त्यातली बहुतेक जाव्याची.

आमच्याकडे तोवर पाणी येऊन ठेपलं होतं. १८७६-७८च्या दुष्काळाने सोलापूर जिल्ह्याची दैना केली. त्यानंतर सरकारने दख्खनमध्ये आणखी कालवे काढायला घेतले. नीरेचा डावा कालवा आधी झाला. पुढे भाटघरला नवं, मोठं लॉईड धरण १९२८ साली पुरं झालं आणि उजव्या कालव्याचं पाणी फलटण-माळशिरसकडे निघालं. अडचण पुढेच होती. ज्वारी-बाजरीला पाणीपट्टी परवडेना, आणि दोन पाऊस बरे झाले की कालव्याकडे कोणी फिरकेना. ऊस मात्र बारमाही पाणी घेतो आणि बारमाही पट्टी देतो. त्यामुळे खर्च वसूल करायला सरकारला ऊसच हवा होता. पण मंदीत गुळाचे भाव कोसळलेले. उसाचं करायचं काय?

उत्तर दिल्लीत मिळालं. टॅरिफ बोर्डाच्या शिफारशीवरून १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. हंड्रेडवेटला सव्वासात रुपये जकात, वर अधिभार धरून नऊ रुपये एक आणा. इंग्रज एवढा उदार कसा झाला? कापडाला असं संरक्षण मागितलं की मँचेस्टर आडवं येई. साखरेत नुकसान व्हायचं ते डचांचं, आणि चरक्या-बॉयलरच्या ऑर्डरी जायच्या त्या बऱ्याच अंशी ग्लासगोला. त्याआधी १९३१ साली ब्रुसेल्समध्ये साखर निर्यातदार देशांनी उत्पादन घटवायचा करार केला होता. मंदी, करार आणि आपली जकात यांच्या कात्रीत जावा सापडला. तिथलं उत्पादन सुमारे २९ लाख टनांवरून १९३५ पर्यंत पाच लाखांवर आलं. इथे चिमण्या पेटल्या तेव्हा तिकडच्या मजुरांच्या चुली विझल्या, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

देशात १९३१-३२ साली ३२ कारखाने होते. तीन वर्षांत ते १३०च्या आसपास गेले. या झुंडीत नीरा खोरं मागे राहिलं नाही. सासवडहून आलेल्या माळी बागाईतदारांनी माळीनगर उभं केलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचं वालचंदनगर, फलटणजवळचं साखरवाडी. आणि १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली. तिचा कारखाना श्रीपूरला. भाटघरचं धरण भोरजवळचं, आगाशेही भोरचे.

जाव्याची साखर आपण बंदरावर अडवली, पण बेणं शेतात येऊ दिलं. पासुरुआनच्या डच संशोधन केंद्रात तयार झालेला पीओजे २८७८ हा ऊस दख्खनच्या कालव्यांवर लागला. कोइमतूरच्या शास्त्रज्ञांनी त्याचाच संकर करून को ४१९ काढला, आणि या वाणाने महाराष्ट्रातला ऊस पार बदलून टाकला. नीरेकाठी पाडेगावला १९३२ साली ऊस संशोधन केंद्र निघालं. कालव्याखालची जमीन पाणथळ आणि क्षारपड होऊ लागली होती, तिचा अभ्यास तिथे झाला. पुढे को ७४० तिथूनच शेतकऱ्याच्या हाती आला. आज आमच्याकडे को ८६०३२ हा वाण लावणाऱ्याला पीओजे ऐकूनही माहीत नसतो.

मिळालेलं संरक्षण मात्र लगेच कुरतडलं जाऊ लागलं. आयात घटली तसं जकातीचं उत्पन्न बुडालं, म्हणून सरकारने १९३४ साली देशी साखरेवरच हंड्रेडवेटला एक रुपया पाच आणे अबकारी बसवली. खरा दणका १९३७ साली लंडनमधल्या करारात बसला. मोठ्या साखर देशांनी बाजार वाटून घेतला आणि हिंदुस्थानने ब्रह्मदेश सोडून समुद्रमार्गे कुठेही साखर पाठवायची नाही, असं पाच वर्षांसाठी ठरलं. आपल्या वतीने मान हलवणारे आपले नव्हते. पाच वर्षांपूर्वी भांडणाऱ्यांचा समझोता झाला आणि आपल्याला फाटकाबाहेर ठेवण्यात आलं.

स्वातंत्र्यानंतरही खेळ तोच, खेळाडू वेगळे. १९६० साली अमेरिकेने क्युबाच्या साखरेचा कोटा कापला. ती साखर सोव्हिएत रशियाने उचलली, आणि अमेरिकेच्या रिकाम्या बाजारात भारताच्या साखरेला जागा मिळाली. म्हणजे हवानातल्या क्रांतीचा फायदा भारतीय कारखानदाराला. पुढे आपण मोठे निर्यातदार झालो, तेव्हा २०१९ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला आपल्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले. २०२१च्या डिसेंबरात निकाल विरोधात गेला, आपण अपील केलं. जे ब्राझील तिथे समोर उभं होतं, तेच २०२३च्या दिल्लीतल्या जी-२० परिषदेत जैवइंधन आघाडीत शेजारी बसलं.

श्रीपुरात आता पांडुरंग सहकारी कारखान्याचं गाळप चालतं. सभासद शेतकरी भावासाठी भांडतो, वजनकाट्यावर हुज्जत घालतो, आणि ते योग्यच आहे. तेवढा तरी काटा त्याचा आहे.

साखरेपलीकडेही बड्यांचा पैसा येतच असतो. आज श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चिनी कंपनीकडे आहे, आणि आपल्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला जपानचं कर्ज. कोण चांगला, कोण वाईट यावर चर्चा झडतात. नीरा खोऱ्याचा हिशेब वेगळं सांगतो. बड्यांच्या भांडणातून मिळालेली सवलत त्यांचा समझोता झाला की काढून घेतली जाते. जकात गेली, कोटा गेला. पाडेगाव राहिलं, बेणं राहिलं, साखर बनवणारे कामगार राहिले. म्हणून परक्याच्या पैशातून काही उभं राहत असेल तर व्याजाचा दर विचारा, पण त्याआधी हे विचारा की तो पैसेवाला उद्या निघून गेला, तर ते चालवणारी माणसं आपल्याकडे असतील का.