१४ मे १९४० : रॉटरडॅमची पंधरा मिनिटे

शरणागतीच्या वाटाघाटी चालू होत्या, तरीही सगळी जर्मन बॉम्बफेकी विमाने माघारी वळली नाहीत. १४ मे १९४० रोजी भर दुपारी, जेमतेम पंधरा मिनिटांत, रॉटरडॅम या डच बंदराचा मध्यभाग कोसळला. उरलेले काम आगीने केले. आठशेहून अधिक माणसे गेली, सुमारे ८०,००० बेघर झाली. त्याच संध्याकाळी नेदरलँड्सने शस्त्रे टाकण्याचा निर्णय जाहीर केला.

अवघ्या चार दिवसांत नगर-वास्तुरचनाकार विटेवेन यांच्याकडे नव्या आराखड्याचे काम आले.

ढिगारे उपसून त्यांनी शहरातले काही कालवेच बुजवण्यात आले. जळालेल्या भागातल्या जमिनी सरकारने ताब्यात घेतल्या, म्हणून जुन्या गल्लीबोळांची मोजमापे पाळण्याची सक्ती उरली नाही. विटेवेन यांचा आराखडा मात्र मागे पडला. १९४६ मध्ये मंजूर झालेल्या नगररचनाकार फान त्रा यांच्या आराखड्यात रुंद रस्ते होते, कामकाजाच्या मोठ्या इमारती होत्या. मध्यवस्तीत घरे मात्र फारच कमी. संध्याकाळी ओस पडणारे शहर, ही टीका नंतर बरीच वर्षे चिकटली आणि ती रास्तच होती.

सगळेच पुसले गेले असे नाही. कूलसिंगेल रस्त्यावरचे नगरभवन वाचले. खिळखिळे झालेले लॉरेन्स चर्च चिकाटीने पुन्हा उभारले गेले. १९५३ मध्ये शिल्पकार झादकिन यांचे छातीत पोकळी असलेले ब्राँझ शिल्प उभे राहिले. त्याच वर्षी लाइनबान सुरू झाली : फक्त पायी चालणाऱ्यांसाठीची बाजारपेठ. ती पाहायला परदेशी नगररचनाकार येत. आज तीच राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षित आहे.