पाणी पुसलं, डा लिहिलं

परतवाड्याहून निघालेली एसटी मेळघाटचा घाट चढते. सेमाडोह, हरिसाल मागे पडतात आणि तुम्ही धारणीला उतरता तेव्हा साल असतं 1979. जानेवारी सरत आलाय, गारठा हाडांत शिरतोय. जवळच्या कोरकू वस्तीत एका ओसरीवर घासलेटचा कंदील जळतोय. तिकडे चला.

गेल्या 2 ऑक्टोबरला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यातलाच हा वर्ग. वय 15 ते 35, मास्तरला महिना पन्नास रुपये. तुम्ही मागे, भिंतीला टेकून बसता. पुढची बाई दिवसभर खडी फोडून आलीय. रोजगार हमीचा कायदा परवाच, 26 जानेवारीला लागू झाला. पण मस्टरवर आपले किती दिवस भरले, ते तिला वाचता येत नाही. अंगठ्यावरची शाई अजून गेलेली नाही.

मास्तर फळ्यावर लिहितो, ‘पाणी’. शेजारच्या तांब्यावर बोट ठेवतो. बाई पुटपुटते, “डा.”

चुकली, असं तुम्हाला वाटतं. मास्तरलाही तसंच वाटतं. मग तो थबकतो. कोरकूत पाणी म्हणजे डा! तो ‘पाणी’ पुसून ‘डा’ लिहितो. एक अक्षर, एक काना. ती पाटीवर लगेच गिरवते. तिला अक्षर जड नव्हतं. शब्द परका होता.

आता चार वर्षं पुढे या. 1 मे 1983, अमरावतीला स्वतःचं विद्यापीठ झालंय. विद्यापीठाने लोकांपर्यंत जावं, ही कल्पना जुनीच: केंब्रिजने 1873 सालीच व्याख्यानं गावोगावी नेली. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने 1977 मध्ये अध्यापन-संशोधनाच्या जोडीला विस्तारकार्य, म्हणजे लोकांत जाऊन काम करणं, हेही विद्यापीठाचं काम मानलं. पुढे 2005 मध्ये अमरावतीच्या विद्यापीठाला नाव मिळालं ते शाळेची पायरी न चढलेल्या गाडगेबाबांचं. बाबा कीर्तनात आधी लोकांना विचारायचे, मग सांगायचे. विस्तार म्हणायचा तो हाच.

धारणीहून परतीच्या वाटेवर सेमाडोहला सिपना नदी लागते. कोरकूत सिपना म्हणजे साग. नकाशावर हे नाव आपण रोज वाचतो, अर्थ मात्र कधी विचारला नाही. मेळघाटात वर्ग घ्यायला जाणार असाल, तर खडू उचलण्याआधी त्यांच्याकडून एवढं शिका: मिया, बारी, आफई. एक, दोन, तीन.