लग्नगडी

लग्नाआधी समोरासमोर बसून पैशाचे बोलणे ही परदेशी वकिलांची शिकवण आहे, असा आपल्याकडे समज आहे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर तो टिकत नाही. वारली समाजात देज ठरल्याशिवाय लग्न ठरत नसे. मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला किती रोख, किती धान्य द्यायचे हे चार जाणत्यांसमोर बोलले जाई आणि ताडीच्या घोटाने बोलणी पक्की होत. ऐपत नसेल तर मुलाने घरजावई होऊन सासऱ्याच्या शेतात काही वर्षे राबायचे. ते राबणे देजात धरले जाई. बायको पुढे दुसऱ्याच्या घरी गेली, तर त्या नव्या नवऱ्याने पहिल्याचे देज फेडायचे. म्हणजे जुळण्याची अट होती, मोडण्याचीही होती. कागद नव्हता एवढेच, करार होता. आणि मला ठामपणे वाटते की या भागात जो अनर्थ झाला तो या कराराने केला नाही. तो केला त्या करारात शिरलेल्या तिसऱ्या माणसाने.

तो तिसरा माणूस म्हणजे सावकार-जमीनदार. जमिनी त्याच्याकडे गेल्यावर वारल्याकडे देजापुरतेही काही उरले नाही. मग देज, तांदूळ, दारू यांसाठी त्याच्याकडूनच कर्ज काढायचे आणि फेडीसाठी त्याच्या वाडीवर गडी म्हणून राहायचे. अशा माणसाला नावच पडले होते, लग्नगडी. नवी नवरीही त्याच दारात राबायला येई. हिशेबाची मेख साधी होती. गड्याला मजुरी नाही, पोटापुरते धान्य तेवढे. मजुरीच नाही तर कर्जातून वळते काय व्हायचे? मुद्दल तसेच उभे राही आणि बापामागून मुलगा त्याच दारात येई. 1930च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारच्या सांगण्यावरून सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीचा अहवाल लिहिला. त्यात ही पद्धत सरकारदरबारी स्पष्ट नोंदली गेली. म्हणजे माहिती नव्हती असे कोणाला म्हणता येत नाही.

कायदाही नव्हता असे नाही. 1872चा करार कायदा सर्वत्र लागू होता. त्याच्या कलम 16नुसार एका पक्षाने आपल्या वरचढपणाचा गैरफायदा घेऊन करून घेतलेला करार रद्द करता येतो आणि कलम 23 सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार निष्फळ ठरवते. लग्नगड्याच्या बोलीला ही दोन्ही कलमे नेमकी लागू पडत होती, पण तारखांना जायला लागणारा दिवस त्याच्या मालकीचा नव्हता. कोर्टात पोचले ते वेगळेच लोक. 1901 साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे एक करार आला: नवऱ्याने लग्नाआधी सासरीच राहण्याचे कबूल केले होते. न्यायालयाने तो हिंदू कायदा आणि सार्वजनिक धोरण यांच्या विरुद्ध ठरवला. भारतातल्या विवाहपूर्व कराराच्या चर्चेत हा निकाल आजही पहिल्यांदा पुढे येतो. घरजावई होणे वारल्यांकडे देज फेडण्याचा सरळ मार्ग होता. मोठ्या घराण्याचा तसाच करार मोडला गेला आणि पिढ्यानपिढ्यांची वेठ मात्र चालू राहिली, ही विसंगती मला साधी वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, दोष देजाचाच. देज नसते तर कर्ज कशाला लागले असते? हा आक्षेप गंभीर आहे, पण वारल्यांची रीतच त्याला उत्तर देते. ऐपत नसलेली जोडपी एकत्र नांदत, मुले होत आणि जमेल तेव्हा, कधी मुलांच्या लग्नाबरोबर, विधी उरकला जाई. तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढायचा, त्यात पालघाट देवी बसवायची, धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने, गाणी म्हणत विधी करायचा, हे सारे थांबू शकत होते. समाजाची उधारी बिनव्याजी होती. घाई होती ती जमीनदाराला, कारण त्याला लग्न नको होते, हात हवे होते.

याचा पडताळा 1945ने दिला. 23 मे रोजी झरी इथे किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले आणि वेठ व लग्नगडी बंद करण्याचे ठरले. कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून गडी सोडवले. शामराव आणि गोदावरी परुळेकर या चळवळीच्या पुढे होते. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्याच लढ्याचे आहे. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि इतर मारले गेले. पण त्या साऱ्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: कर्जाची गाठ तुटली तरी त्या कर्जावर लागलेली लग्ने रद्द झाली नाहीत. जमीनदाराची बोली लग्नाचा भाग कधी नव्हतीच. वेठबिगार निर्मूलनाचा देशव्यापी कायदा यायला मात्र 1976 उजाडले.

आज हिंदू विवाह कायद्याचे कलम 2(2) अनुसूचित जमातींना, केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज, त्या कायद्याबाहेर ठेवते. त्यामुळे डहाणूच्या वारली जोडप्यासाठी रूढीच प्रमाण, आणि लग्नाआधी काय ठरले याला वजन आहे. तरी देजाचीही एक बाजू मला खटकते. बोलणी बापाशी, देज बापाला, साक्षीला बहुतेक पुरुष. याउलट गोव्यात 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नाआधी नोंदलेल्या दस्ताने मालमत्तेची व्यवस्था ठरवता येते. दस्त केला नाही तर ती सामाईक धरली जाते आणि अर्धा वाटा बायकोचा असतो. वारली लग्नात चौक सवाशिणी काढतात, मंत्राच्या जागी धवलेरीची गाणी असतात, म्हणजे लग्न बायका लावतात. देज ठरवायच्या बैठकीत मात्र जिचे लग्न आहे तिला विचारले जात नाही, आणि ठरलेल्यातले तिच्या हातात काही पडत नाही.