एका हंगामाचा इतिहास : एल पासो, १९६६

वाचकहो, इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. वर्गात मीही बहुधा तेच शिकवितो. अभ्यासक्रमच तसा आहे. परंतु समाज बदलतो कसा हे पाहावयाचे असेल, तर एखाद्या सामन्याचा गुणफलकही तहनाम्याइतकाच बोलका ठरतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील एका आडबाजूच्या महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाची, त्याच्या १९६५-६६ च्या हंगामाची हकिकत सांगावयाची आहे. शिक्षण संस्थेच्या स्मरणिकेत परदेशी खेळाडूंचे काय काम, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर हकिकतीच्या उत्तरार्धात आहे. तोवर थोडा धीर धरावा.

प्रथम खेळाविषयी. कबड्डी, खो-खो हे खेळ कोणी एका माणसाने काढले असे सांगता येत नाही. बास्केटबॉलचे तसे नाही. तो एका शिक्षकाने अडचणीपोटी तयार केलेला खेळ आहे. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नाइस्मिथ हे शिक्षक होते. कडाक्याची थंडी, मैदान बंद, आणि कवायतीला कंटाळलेले अठरा तरुण समोर. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ पाडले. टोपल्यांना बूड होते, त्यामुळे चेंडू पडला की तो काढावयाला शिडी लागे! रिकाम्या तासाला वर्ग सांभाळण्याचा अनुभव ज्या शिक्षकबंधूंना आहे त्यांना नाइस्मिथ यांची तळमळ समजावून सांगावी लागणार नाही.

हाच खेळ वाय. एम. सी. ए. मार्फत हिंदुस्थानात आला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाची शाळा काढली, तेथून खेळाचे शिक्षक बाहेर पडू लागले. १९३४ मध्ये दिल्लीत पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. आपल्या महाराष्ट्रात मात्र या खेळाचे खरे घर कोणते, असे विचारले तर मुंबईच्या नागपाड्याचे नाव घ्यावे लागते. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२७ साली तेथे 'नागपाडा नेबरहुड हाऊस' सुरू केले. दाट वस्ती, कष्टकरी लोक, त्यांत मुसलमान मोठ्या संख्येने. (याच इमारतीत १९३६ मध्ये टाटांची समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली, आणि मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच.) नेबरहुड हाऊस आणि मस्तान तलाव येथील मैदानांवर गल्लीतली पोरे हा खेळ शिकली. बच्चू खान यांच्यासारख्या उस्तादाने त्यांना घडविले. आज तेथील महापालिकेच्या क्रीडांगणाला त्यांचेच नाव आहे. याच नागपाड्यातून अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

नागपाड्यात बास्केटबॉल मोहल्ल्यात वाढला, अमेरिकेत तो महाविद्यालयांत वाढला. तेथे महाविद्यालयीन संघाचा हंगाम म्हणजे गावाचा उत्सव. हिवाळाभर सामने होतात आणि मार्चमध्ये निवडक संघांची राष्ट्रीय बाद स्पर्धा होते. १९६६ साली या स्पर्धेत बावीस संघ होते. हरला तो घरी गेला.

आता त्या काळाकडे वळू. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य आहे असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला होता. नागरी हक्कांचा कायदा १९६४ चा, मतदानाच्या हक्काचा १९६५ चा. कायदे झाले. पण दक्षिणेकडील राज्यांतल्या मोठमोठ्या विद्यापीठांचे संघ अद्याप संपूर्ण गोरे होते. इतरत्र कृष्णवर्णीय खेळाडू घेत, तेही मोजून मापून. प्रशिक्षकांमध्ये त्या वेळी एक कडवट विनोद प्रचलित होता : घरच्या मैदानावर दोन काळे खेळवावेत, परगावी तीन, आणि सामना हातचा जाऊ लागला तर पाच.

टेक्सास वेस्टर्न कॉलेज हे एल पासो या गावी, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून, वाळवंटात. १९१४ मध्ये ते खाणकामाची शाळा म्हणून निघाले, म्हणून त्याच्या संघाचे नाव 'मायनर्स', म्हणजे खाणमजूर. त्याच राज्यातील डॅलस शहर तेथून सुमारे एक हजार किलोमीटर दूर. राज्याच्या कडेला पडलेल्या गावाचे दुखणे परभणीकराला वेगळे सांगावयास नको. आपल्या जिल्ह्यातील मुलांनी पदवीसाठी प्रथम हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहिले, १९५८ पासून औरंगाबादकडे, आणि १९९४ पासून नांदेडकडे. मात्र कडेला असण्याचा कधी कधी फायदाही होतो. थेल्मा व्हाइट या विद्यार्थिनीने न्यायालयात धाव घेतल्यानंतर १९५५ मध्ये या कॉलेजने कृष्णवर्णीयांना पदवीच्या वर्गात प्रवेश दिला, आणि पुढच्याच वर्षी चार्ली ब्राऊन हा कृष्णवर्णीय खेळाडू त्याच्या संघात आला.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, या हंगामावर २००६ मध्ये 'ग्लोरी रोड' नावाचा चित्रपट निघाला. त्यात प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स नवा येतो, कृष्णवर्णीय मुले गोळा करतो आणि पहिल्याच वर्षी अजिंक्यपद मिळवितो, असे दाखविले आहे. चित्रपट म्हणून ते ठीक. प्रत्यक्षात हॅस्किन्स १९६१ मध्ये आले, आणि त्या वेळी संघात कृष्णवर्णीय खेळाडू आधीच होते. त्यांपैकी नोलन रिचर्डसन हा तर एल पासोचाच; पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने आर्कान्सा विद्यापीठाला १९९४ चे अजिंक्यपद मिळवून दिले. एका रात्रीत उघडलेले दार पडद्यावर शोभून दिसते. खरे दार दहा वर्षे कुरकुरत उघडत होते.

हॅस्किन्स त्यापूर्वी लहान गावांतील शाळांत मुलांना आणि मुलींना खेळ शिकवीत असत. वृत्तीने कडक. एल पासोला आल्यावर कुटुंबासह त्यांनी खेळाडूंच्या वसतिगृहातच बिऱ्हाड केले. संघातील बारा जणांत सात कृष्णवर्णीय, चार गोरे आणि एक मेक्सिकन वंशाचा. बॉबी जो हिल डेट्रॉइटकडचा. ऑर्स्टन आर्टिस व हॅरी फ्लोर्नॉय गॅरी या पोलादाच्या गावचे. डेव्हिड लॅटिन ह्यूस्टनचा. विली वर्स्ली, नेव्हिल शेड आणि विली केजर न्यूयॉर्कचे. आपण नागपाड्याचे पाहिले, तसेच हे. या पोरांचा खेळ कॉलेजात तयार झालेला नव्हता. गल्लीतल्या सिमेंटच्या मैदानावर तो आधीच झाला होता. कॉलेजने त्याला शिस्त लावली.

हंगामातील पहिले तेवीस सामने संघाने जिंकले. चोविसावा, सिएटल विद्यापीठाविरुद्धचा, ७४-७२ असा दोन गुणांनी गेला. हा एकच पराभव. राष्ट्रीय स्पर्धेत ओक्लाहोमा सिटीला त्यांनी ८९-७४ असे हरविले. सिनसिनाटीला ७८-७६, पण जादा वेळ खेळून. कॅन्ससविरुद्धचा सामना तर दोनदा जादा वेळेत गेला. पहिल्या जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी कॅन्ससच्या जो जो व्हाइटने लांबून चेंडू टाकला तो थेट बास्केटमध्ये. कॅन्ससवाले नाचू लागले. पंच मात्र बाजूच्या रेषेकडे बोट दाखवीत उभे होते : व्हाइटचे पाऊल रेषेवर पडले होते. बास्केट रद्द झाली, आणि मायनर्सनी पुढे ८१-८० अशी बाजी मारली. मोठमोठ्या घटना कधी कधी एवढ्याशा टाचेवर उभ्या असतात!

उपांत्य सामन्यात यूटाचा जेरी चेंबर्स कोणालाच आवरेना. त्या सामन्यात त्याने ३८ गुण केले. त्याला रोखण्यासाठी हॅस्किन्स यांनी जेरी आर्मस्ट्राँग या गोऱ्या खेळाडूला उतरविले. आर्मस्ट्राँगने त्याला बराच जखडून ठेवला आणि सामना ८५-७८ असा निघाला. अंतिम सामन्यात हा आर्मस्ट्राँग बाकावरच बसून राहिला. विजयाच्या कथेत त्याचे नाव सहसा येत नाही, म्हणून येथे नोंदवितो.

अंतिम सामना १९ मार्च १९६६ रोजी मेरीलँड विद्यापीठाच्या कोल फील्ड हाऊसमध्ये झाला. प्रतिस्पर्धी केंटकी, देशातील पहिल्या क्रमांकाचा संघ. प्रशिक्षक अडॉल्फ रप यांच्या नावावर चार अजिंक्यपदे होती, आणि संघात एकही कृष्णवर्णीय नव्हता. रप यांच्या मनात काय होते यावर अमेरिकेत अजून वाद चालतो. संघात कोण होते ते मात्र छायाचित्रात दिसते. हॅस्किन्स यांनी सुरुवातीलाच पाच कृष्णवर्णीय खेळाडू उतरविले. महाविद्यालयीन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात असे पूर्वी कधी घडले नव्हते. उंच शेडला बाहेर ठेवून त्यांनी साडेपाच फुटी वर्स्लीला घेतले, कारण केंटकीचे खेळाडू बुटके पण चपळ होते. त्या रात्री टेक्सास वेस्टर्नकडून खेळले ते सातही जण कृष्णवर्णीयच.

आरंभीच लॅटिनने पॅट रायलीच्या डोक्यावरून चेंडू बास्केटमध्ये दणकन कोंबला. पूर्वार्धात हिलने लागोपाठ दोनदा केंटकीच्या खेळाडूंच्या हातातून चेंडू हिसकावला आणि दोन्ही वेळा एकट्याने धावत जाऊन बास्केट केली. त्यानंतर केंटकीला आघाडी मिळाली नाही. मध्यंतराला ३४-३१, अखेर ७२-६५.

वाचकहो, या गुणांची फोड पाहण्याजोगी आहे. मैदानी बास्केट केंटकीच्या २७ आणि टेक्सास वेस्टर्नच्या २२. म्हणजे तेथे केंटकीच पुढे. पण प्रतिपक्षाच्या फाऊलमुळे मिळणारे फ्री थ्रो टेक्सास वेस्टर्नने ३४ पैकी २८ साधले, केंटकीने १३ पैकी ११. कृष्णवर्णीय खेळाडू उड्या मारतात, धावतात, पण डोके थंड ठेवून शिस्तीने खेळू शकत नाहीत, असा त्या काळी सर्रास समज होता. फ्री थ्रो म्हणजे धावणे नाही, उडी नाही. सारे प्रेक्षागृह पाहत असता एका जागी उभे राहून एकट्याने चेंडू टाकावयाचा. सामना तेथे जिंकला गेला.

विजेत्याने बास्केटची जाळी कापून न्यावयाची, अशी तेथे प्रथा आहे. त्या रात्री शिडी कोणी आणून दिली नाही, वर्स्लीला आम्ही खांद्यावर उचलून जाळी कापली, असे शेड पुढे सांगत असे.

परिणाम झाले, पण सावकाश. दक्षिणेच्या मुख्य स्पर्धा-संघटनेत व्हँडरबिल्टचा पेरी वॉलेस हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९६७-६८ मध्ये उतरला. केंटकीने १९६९ मध्ये टॉम पेन याला घेतले. हॅस्किन्स यांना शिव्याशापांची पत्रे ढिगांनी आली. गोऱ्यांचा राग समजण्यासारखा होता; पण कृष्णवर्णीयांपैकीही काहींनी विचारले की, तुम्ही या पोरांना शिकविले की नुसते राबविले?

आता तो उत्तरार्ध. जुलै १९६८ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या साप्ताहिकात जॅक ओल्सेन यांची कृष्णवर्णीय खेळाडूंवरील लेखमाला आली. तिच्यात एल पासोच्या या संस्थेवर विस्ताराने लिहिले होते (१९६७ पासून तिचे नाव एल पासो येथील टेक्सास विद्यापीठ असे झाले होते). अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या त्या पाच जणांपैकी तोवर एकालाही पदवी मिळालेली नव्हती, हे ओल्सेन यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेथील कृष्णवर्णीय धावपटूंनी आपल्या वंशाला हीन लेखणाऱ्या संस्थेच्या संघाविरुद्ध उतरण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना संघातून काढण्यात आले. त्यांत बॉब बीमन होता. सहा महिन्यांनी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ८.९० मीटर लांब उडी मारून त्याने सारे जग थक्क केले. ज्याला संस्थेने दूर केले, तो हा खेळाडू.

हॅस्किन्स यांच्यावर या टीकेचा घाव बसला, आणि ती सर्वस्वी न्याय्य होती असे मला वाटत नाही. ओल्सेन यांनी हिशेब दोन वर्षांतच मांडला. ज्या घरांतून आधी कोणी कॉलेजात गेले नव्हते, त्या घरांतील मुलाला चार वर्षांची पदवी सहा वर्षांत मिळाली तर ते अपयश का मानावे? परंतु मूळ प्रश्न खोडून काढता येत नाही. आपल्याकडेही दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, कॉलेजात खेळाच्या जोरावर प्रवेश मिळतो. ढाल मिळाली की संघाचे छायाचित्र मुख्याध्यापकांच्या खोलीत लागते. त्या छायाचित्रातील मुलांपैकी किती जण पुढच्या इयत्तेत गेले, ही यादी कोठल्या खोलीत लावलेली मी पाहिलेली नाही. वार्षिक अहवालात ढालींच्या शेजारी हाही एक रकाना असावा, अशी संस्थाचालकांना नम्र सूचना आहे.

त्या सात जणांचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. लॅटिन व्यावसायिक संघांतून खेळला. हिल एल पासोतच एका गॅस कंपनीत नोकरीला राहिला आणि २००२ मध्ये वारला. आर्टिस आपल्या गॅरी गावी पोलिसात गेला. वर्स्ली न्यूयॉर्कला परतून मुलांमध्ये काम करू लागला. फ्लोर्नॉय २०१६ मध्ये निवर्तला. शेडने सॅन अँटोनिओच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या खेळांची व्यवस्था अनेक वर्षे पाहिली. केजर एल पासोतच शाळेत शिक्षक झाला. हॅस्किन्स १९९९ पर्यंत तेथेच प्रशिक्षक राहिले. त्यांच्या नावावर ७१९ विजय आहेत. २००७ मध्ये सबंध संघाला स्प्रिंगफील्डच्या नाइस्मिथ सन्मान-दालनात स्थान मिळाले, आणि पुढच्याच वर्षी, ७ सप्टेंबर २००८ रोजी, हॅस्किन्स एल पासो येथे वारले.