दिवा बारीक करताना

'दिवा बारीक कर' म्हटले की आमच्या पिढीचा हात कंदिलाच्या चावीकडे जाई. वात खाली गेली की ज्योत लहान, इतका सरळ हिशेब. विजेच्या दिव्याला वात नाही. तो बारीक कसा करायचा, हा प्रश्न आधी नाटकवाल्यांना पडला.

लंडनचे सॅव्हॉय थिएटर १८८१ साली उघडले. संपूर्ण विजेवर उजळलेली ही जगातली पहिली सार्वजनिक इमारत मानली जाते. जोसेफ स्वान यांचे सुमारे १२०० दिवे तिथे होते. रंगमंचावर रात्र करायची तर दिव्यांच्या वाटेत रोध घालून प्रवाह कमी करीत. पुढे कित्येक वर्षे हीच रीत चालली. पण कमी केलेली वीज वाचत नसे. रोध तापवण्यात वाया जाई.

न्यूयॉर्कच्या जोएल स्पायरा यांनी १९५९ साली वेगळा मार्ग काढला. प्रवाह दाबून ठेवण्याऐवजी त्यांनी थायरिस्टर वापरून तो तोडला. आपल्या विजेच्या सेकंदाला ५० आवर्तनांत १०० अर्धलहरी असतात. असा डिमर प्रत्येक अर्धलहरीचा सुरुवातीचा तुकडा गाळतो. त्यामुळे तो फारसा तापत नाही आणि भिंतीतल्या स्विचच्या डबीत मावतो.

ही युक्ती चालली ती दिव्यातल्या तारेमुळे. तापलेली तार शंभरांश सेकंदात थंड होत नाही, म्हणून डोळ्याला खंड दिसत नाही. तारेने डिमरचे तुटकेपण सांभाळून घेतले. एलईडी मात्र प्रवाह थांबताच विझतो.

निळ्या एलईडीमुळे पांढरा एलईडी प्रकाश शक्य झाला. त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. आज तो प्रकाश पट्टीच्या रूपाने पीओपीच्या छतात शिरला आहे आणि डिमर मोबाईलवरून चालतो. आमच्या सोसायटीतल्या एका घरी अशी पट्टी लुकलुकू लागली. दोनदा पट्टी बदलली, पैसे गेले, लुकलुक राहिली. घरातल्या आजींनी त्या खोलीत बसणेच सोडले.

पट्टी निर्दोष होती. ती १२ किंवा २४ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालते आणि तो देणाऱ्या ड्रायव्हरला अखंड लहर लागते. तुटकी लहर मिळाली की साधा ड्रायव्हर चालू-बंद होत राहतो. म्हणून आधी ड्रायव्हर 'डिमेबल' आहे का, आणि डिमरच्या जातीशी जुळतो का, ते पाहावे. डिमरला लागणारा किमान भार पट्टी देते का, तेही पाहावे. बंद केल्यावरही पट्टी मिणमिणत असेल तर डिमरला न्यूट्रल जोडली आहे का ते तपासावे. ती नसेल तर काही स्मार्ट डिमर स्वतःपुरती वीज दिव्यातूनच ओढतात. लांब पट्टीचे फक्त टोक मंद असेल तर तो व्होल्टेज घटल्याचा दोष. दोन्ही टोकांना वीज द्यावी. सर्वांत सोपा उपाय म्हणजे भिंतीवर साधा स्विच ठेवून ड्रायव्हर आणि पट्टी यांच्यामध्ये पट्टीसाठीचाच कंट्रोलर बसवणे. हे काम मेन स्विच बंद करून वायरमनकडूनच करून घ्यावे.

त्या घरी हाच उपाय केला. आता आजी तिथे बसून पोथी वाचतात. नवी वस्तू बिघडली की आपण तिलाच दोष देतो. पण जुनी वस्तू कोणाच्या भरवशावर चालत होती, हेही एकदा विचारावे.