व्हिएन्नाच्या दारांतील तस्त

रोग्याला तपासण्यापूर्वीं डॉक्टरनें हात धुवावे, हें आज घरांतल्या शाळकरी पोरालाहि ठाऊक असतें. परंतु ही साधी गोष्ट आपल्या सहकाऱ्यांना शिकवितां शिकवितां एका डॉक्टरचें आयुष्य संपलें.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. १८४० पासून पहिला वैद्यकीच्या विद्यार्थ्यांकडे आणि दुसरा शिकाऊ सुइणींकडे असे. कोणत्या विभागांत जावयाचें तें वारावर ठरे. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शेंकडा ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या; दुसऱ्यांत शेंकडा तीनहि नाहींत. शहराला हें माहीत होतें. पहिल्या विभागाचा वार असला कीं बाया गुडघे टेकून विनवीत, 'आम्हांस तिकडे नेऊं नका.' कित्येकजणी वाटेंतच बाळंत होत, आणि नवल असें कीं, सूतिकाज्वर त्यांना क्वचितच गांठी.

इग्नाझ सेमेलवाईस हा तेथील तरुण साहाय्यक. त्यानें नाना तर्क करून पाहिले. अंत्यविधीला येणाऱ्या पाद्रीबोवांच्या घंटेनें बाया धसका घेत असतील म्हणून ती घंटाहि बंद करविली! उपयोग झाला नाहीं. मार्च १८४७ मध्यें त्याचे स्नेही प्रोफेसर कोलेच्का हे शवविच्छेदनाच्या वेळीं बोटाला विद्यार्थ्याची सुरी लागून वारले, आणि त्यांच्या शरीरांत बाळंतिणींच्या प्रेतांतल्याच खुणा आढळल्या. उलगडा झाला, पण केवढा भयंकर! विद्यार्थी सकाळीं मुडदे चिरीत आणि त्याच हातांनीं बाळंतिणींना तपाशीत. सुइणींचा शवागाराशीं संबंध नव्हता. स्वतः सेमेलवाईसची अभ्यासाची हौस दांडगी; इतरांहून अधिक प्रेतें त्यानेंच हाताळलेलीं. आपल्यामुळें किती जणी गेल्या तें देवासच ठाऊक, अशी कबुली त्यानें पुढें लिहून ठेविली आहे.

मे १८४७ पासून दाराशीं तस्त आलें. प्रथम क्लोरीनचें पाणी, पुढें स्वस्त म्हणून आपली ब्लीचिंग पावडर. एप्रिलांत मृत्यू शेंकडा १८ होते; जुलैंत एकाच्या आसपास उतरले. ऑक्टोबरांत मात्र घात झाला. पहिल्या खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगानें स्राव होणारी बाई होती. तिला तपासून मंडळींनीं नुसत्या साबणानें हात धुतले व पुढच्या खाटांकडे वळली. बारांपैकीं अकरा जणी गेल्या. तेव्हां प्रत्येक रोग्यामागें हात धुण्याचा नियम झाला. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं परिचारिकांसाठीं व डॉक्टरांसाठीं हात धुण्याचे जे पांच प्रसंग सांगितले, त्यांत रोग्याला शिवण्यापूर्वीं आणि शिवल्यानंतर हे दोन आहेतच.

मग हें टिकलें कां नाहीं? माझ्या मतें, त्यानें हुकूम दिला, पण कारण पटवून दिलें नाहीं. जंतूंची कल्पना तेव्हां रुजलेली नव्हती. तुमच्याच हातून माणसें मरतात हें ऐकणें प्रतिष्ठित डॉक्टरांना झोंबलें. त्याच्या बाजूनें लिहिलें तें मित्रांनीं. तो स्वतः वर्षानुवर्षें गप्प. १८४९ मध्यें त्याची नेमणूक वाढविली गेली नाहीं, आणि विभागांतील मृत्यू पुढें पुन्हां चढले. त्याचा ग्रंथ निघाला १८६१ सालीं. त्यानंतर विरोधकांना तो उघड्या पत्रांतून खुनी म्हणूं लागला. त्यानें कोण ऐकणार?

ऑगस्ट १८६५ मध्यें, व्हिएन्नाजवळील वेड्यांच्या इस्पितळांत, वयाच्या ४७ व्या वर्षीं तो वारला. बोटाची जखम चिघळून रक्त दूषित झालें होतें.